गवत कापायच्या आधी

सगळ्यात आधी खुंट्या. विळे, दोर, बैलबंडी, मजूर हे सगळं नंतर. काटोलच्या बाजूला आमचं पाच एकराचं कुरण आहे. मागच्या वर्षी तिथला फुलपाखरांसाठी न कापता राखायचा पट्टा मी नुसता हाताने दाखवला, ‘त्या पळसापासून इकडचं राहू द्या’ म्हटलं आणि कामासाठी नागपूरला गेले. संध्याकाळी परत आले तर या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत सपाट. गवताच्या पानाची सुरळी करून आत राहणाऱ्या स्किपर फुलपाखरांच्या अळ्या, पात्यांना लटकलेले इव्हिनिंग ब्राऊनचे कोष, सगळं पेंड्यांत बांधलं जाऊन गंजीवर चढलं होतं. म्हणून खुंट्या. दर दहा पावलांवर एक, वर पांढरी चिंधी, आणि कापणीच्या आदल्या दिवशीच. त्या दिवशी सकाळी ठोकू म्हणाल तर राहून जातं.

पट्टा किती? पाच एकरात निदान एक एकर. दरवर्षी जागा बदलायची. एकाच जागी दोन-तीन वर्षं विळा लागला नाही की रायमुनिया (घाणेरी) आणि पळसाची रोपटी शिरतात. मग सगळंच कुरण सोडून द्या, कापताच कशाला, असं शहरातले पाहुणे म्हणतात. तसं नाही. ब्रिटनमध्ये लार्ज ब्लू नावाचं फुलपाखरू 1979 साली नाहीसं झालं. कुरणांतली चराई कमी झाली, गवत उंच वाढलं, जमीन सावलीत गार पडली आणि ज्या लाल मुंग्यांच्या वारुळात त्याची अळी वाढते त्या मुंग्याच तिथून हटल्या. पुढे स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवावं लागलं. गवत कापलं जायला हवंच, पण एका दिवसात सगळं नाही.

मजुरीची बोली करतानाच पट्ट्याचं बोला. मजुरी शेकडा पेंड्यांवर असते, तेव्हा उभं सोडलेलं गवत म्हणजे कापणाऱ्याचा बुडालेला पैसा. तो कापणारच, त्याची चूक नाही. एकतर रोजाने मजुरी द्या, नाहीतर पट्ट्यातल्या पेंड्यांचे पैसे धरून भाव ठरवा. आणि ढोरं राखणाऱ्या गायकीलाही पट्टा दाखवा. कापणाऱ्यांनी सोडलेलं ढोरांनी खाल्लं तर काय उपयोग?

पावसाळ्यातली कामं सोपी आहेत, पण वेळेवर व्हायला हवीत. पहिल्या पावसापासून कापणीपर्यंत चराई बंद. गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते. तरोटा (टाकळा) मात्र उपटू नका. भाजीपुरता कोवळा पाला खुडा, बाकी राहू द्या. पिवळी ग्रास यलो आणि एमिग्रंट फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. धुऱ्यावरची रुई तशीच ठेवा, प्लेन टायगरची अळी तिच्यावर वाढते. युरिया टाकायचाच नाही. खताने दोन-चार दांडगी गवतं माजतात आणि त्यांच्याखाली विष्णुकांता, काळी मुसळी दबून मरतात. धुऱ्यावर तणनाशक मारणाऱ्या शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्या, मारून झाल्यावर भांडून काही परत येत नाही.

कापणी दोन हप्त्यांत. फुलोऱ्यातलं गवत ढोरांना सकस, पण तेव्हा बी पिकलेलं नसतं. सगळंच तेव्हा कापलं तर पुढच्या वर्षी पवन्या आणि मारवेल ही गवतं विरळ होतात. म्हणून पाऊस उघडला की दसऱ्यानंतर निम्मं, बी झडल्यावर दिवाळीनंतर उरलेलं. कुसळी जास्त असेल तो भाग पहिल्या हप्त्यात घ्या, कुसळं तयार झाली की ढोरांच्या तोंडात रुततात. कापताना मधून बाहेरच्या बाजूला या, म्हणजे लावे-बटेर कडेने निसटतात. बुडखा चार बोटं ठेवा. कापलेलं दोन-तीन दिवस जागेवरच वाळू द्या, उलथवा. उरलेलं बी तिथेच सांडतं. लगेच पेंड्या बांधायची घाई करू नका.

आणि दुसऱ्या हप्त्यालाही खुंट्या जागेवर आहेत का ते बघा. पोरं चिंध्या काढून नेतात, ढोरं खुंट्या पाडतात. पहिल्यांदा पट्टा वाचला म्हणून दुसऱ्यांदा वाचेल असं नाही.

पुढचं थोडक्यात. गंजी पट्ट्यापासून लांब रचा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला पेटवतात, त्याच्या आधी कुरणाभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढा, पट्ट्याभोवती वेगळी. तिथलं गवत उभं आणि वाळलेलं असतं, आधी तेच पेटेल. चराई उघडाल ती कापलेल्या भागात.

कापणीच्या दिवशी दुसरं कुठलंच काम ठेवू नका. नागपूरला जायचं असेल तर कापणी एक दिवस पुढे ढकला. पहिला विळा चालेल तेव्हा पट्ट्याच्या कडेला स्वतः उभे राहा आणि शेवटची पेंडी बांधून होईपर्यंत हलू नका.