मोठी खरेदी नाही, तरी महिनाअखेरीस खातं रिकामं: माझा अनुभव

लक्षण: पगार वेळेवर, मोठी खरेदी नाही, तरी शिल्लक जवळपास शून्य. स्टेटमेंटमध्ये सगळ्या किरकोळ नोंदी. फार वैताग आला होता.

सगळा व्यवहार रोखीने करून पाहिला. खर्च घटला, पण पैसे कुठे गेले ते कळेना. कार्डाची मर्यादा कमी केली, तर गरजेची बिलंच अडकली.

जमलं ते या क्रमाने. आधी ३ महिन्यांच्या स्टेटमेंटमधून ठरलेले खर्च (बिलं, हप्ते, विमा) आणि सहज होणारे खर्च वेगळे केले. ठरलेले कार्डावरच ठेवले; तिथे मोहाचा प्रश्न नसतो आणि नोंद आपोआप राहते. मोह खरा दुसऱ्या गटात. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ च्या प्रयोगातही कार्डवाल्यांनी सामन्याच्या त्याच तिकिटांसाठी रोखीवाल्यांपेक्षा चढी बोली लावली होती. म्हणून त्या गटाची बेरीज १३ आठवड्यांनी भागली, थोडी कात्री लावली आणि तेवढीच रोकड दर सोमवारी वेगळ्या पाकिटात ठेवू लागलो. मग खरेदीच्या प्रत्येक अ‍ॅपमधून साठवलेलं कार्ड काढलं. ही पायरी अजिबात गाळू नका: कार्डाचे आकडे दरवेळी टाकायचे म्हटलं की बऱ्याच वस्तू कार्टमध्येच राहतात. पाकीट रविवारआधी संपलं तर त्यात भर घालायची नाही. काही उरलं तर ते बचत खात्यात.