शाल-श्रीफळ राहू द्या, आधी फाइल नीट पाठवा: ऑफिसात आणि बातमीत या चुका टाळा

३ डिसेंबर जवळ आला की मुंबईतल्या ऑफिसांमधून फोन सुरू होतात. अंधेरी, बीकेसी, लोअर परळ. "मॅडम, जागतिक दिव्यांग दिन आहे, दोन शब्द बोलायला याल का?" मी जाते. शाल मिळते, नारळ मिळतो, टाळ्या मिळतात. चहाच्या वेळी मी विचारते, तुमच्याकडे दिसत नसलेलं कोणी कामाला आहे का? "होता एक मुलगा. सहा महिन्यांत सोडून गेला. जरा स्लो होता."

"जरा स्लो होता"

मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बारा वर्षं मी पगारपत्रकांचं काम करतेय, कानाला हेडफोन लावून. पडद्यावर जे लिहिलंय ते स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. एनव्हीडीए नावाचा उत्तम स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही. मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा फाइलपाशी.

कागद स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. तुम्हाला त्यात अक्षरं दिसतात, माझ्या कानात शांतता. तपासायची युक्ती सोपी आहे: माऊसने एखादा शब्द निवडून पाहा. निवडला जात नसेल, तर तो फोटो आहे. मूळ वर्डची फाइल पाठवा, नाहीतर तिच्यातूनच थेट पीडीएफ काढा.

मराठीत याच्या वर आणखी एक भानगड आहे, आणि ती इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत सापडायची नाही. कित्येक ऑफिसांत अजून जुन्या फाँटमध्ये टाइप होतं: कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी. डोळ्यांना 'रजा मंजूर' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर ती इमानदारीत वाचतो. दोन पानं ऐकली की डोकं भणभणतं. फाइल पाठवण्याआधी एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. तिथे अगम्य काहीतरी उमटलं, तर मलाही तेच ऐकू येणार. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत, टाइप करणं एवढाच त्यावर उपाय.

ऑफिसच्या ग्रुपवरचे सुविचार चित्रांच्या रूपात येतात, ते मला ऐकू येत नाहीत. हा आमचा फायदाच. पण एकदा 'उद्या ऑफिस बंद' ही सूचनाही चित्र म्हणून आली. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून धिमी लोकल पकडून मी करी रोडला उतरले, चालत ऑफिस गाठलं, तर शटर खाली. चित्राखाली तीच ओळ टाइप करायला दहा सेकंद लागले असते.

तो 'स्लो' मुलगा बहुतेक रोज दुपारपर्यंत कोणीतरी फाइल वाचून दाखवण्याची वाट पाहत बसत असणार.

"आमच्यावर कोटा नाही"

एचआरवाल्यांचं हे आवडतं वाक्य, आणि अर्धं खरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांतल्या पदांसाठी आहे. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. समान संधी धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर कोणत्या सोयी देणार, कोणती पदं योग्य आहेत, संपर्क अधिकारी कोण, हे सगळं त्यात लिहावं लागतं आणि धोरणाची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. कामासाठी लागणारी वाजवी सोय नाकारणं हाही या कायद्याने भेदभावच.

मुलाखतीत "रोज येणार कशा?" हे विचारू नका. मध्य रेल्वेच्या गर्दीतून, फलाटावर हँडिकॅप डबा थांबतो तिथे वाजणाऱ्या बीपचा माग काढत जी समोर येऊन बसलीय, तिला काय हे विचारायचं? "काम करताना काय लागेल?" असं विचारा. उत्तर बहुधा लहान असतं: हेडफोन, दारापासून टेबलापर्यंत मोकळी वाट, आणि टेबल हलवलं तर आधी सांगणं.

"रॅम्प आहे ना!"

एक फूट उंची चढायला बारा फूट उतार लागतो. पायरीवर टेकवलेली फळी स्कूटर चढवायला ठीक. आणि व्हीलचेअरच्या टॉयलेटमधून पोछा, बादल्या, मागच्या गणपतीची मखरं काढा.

"लिहून देतो की त्याला"

कर्णबधिर सहकाऱ्यासाठी कागद-पेन पुढे केलं की झालं, असं वाटतं. भारतीय सांकेतिक भाषेला तिचं स्वतःचं व्याकरण आहे आणि लहानपणापासून तिच्यातच वाढलेल्याला लिखित मराठी ही दुसरी भाषा. त्याचं वाक्य मोडकं आलं म्हणून तो मठ्ठ ठरत नाही. महत्त्वाच्या बैठकीला दुभाषी बोलवा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रमच चालतो. आणि 'मूकबधिर' म्हणणं सोडा, त्याला भाषा आहे.

"अपंगत्वावर मात"

आता माझ्या वर्तमानपत्री मित्रांसाठी. दहावीचा निकाल लागला की हा मथळा येतोच. मुलीने मात केलेली असते गणिताच्या पेपरवर, किंवा वेळेवर लेखनिक न देणाऱ्या व्यवस्थेवर. ते बातमीत कुठेच नसतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्कांसाठी लढणाऱ्या निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात दिव्यांगांच्या पडद्यावरच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली: अवमानकारक शब्द टाळा, माणसाला 'पीडित' ठरवू नका, लिहिण्याआधी आमच्याशी बोला. निकाल दृश्य माध्यमांबद्दल होता, पण छापील पानाला ही पथ्यं जड जाऊ नयेत. 'लंगडी सबब', 'आंधळा कारभार' हे मथळेही आवरा. आंधळी कोशिंबीर खुशाल खेळा, माझी काही हरकत नाही. 'दिव्यांग' की 'अपंग' यावर आमच्यातच एकमत नाही. मला 'दिव्य' चिकटवलेलं आवडत नाही, माझ्या मैत्रिणीला 'अपंग' बोचतं. ज्याच्याबद्दल लिहिताय त्यालाच विचारा.

माझ्यावरही एक बातमी आली होती. फोटोग्राफरने काठी पुढे धरायला लावली, मान जरा खाली करायला सांगितलं. सकाळी ईपेपर उघडला तर पानाचा फोटो! शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या वाचू लागल्या आणि मधेच थांबल्या. "पुढचं राहू दे गं." मी म्हटलं, वाचा. 'नियतीने डोळे हिरावले तरी' असं सुरू होऊन चौथ्या परिच्छेदात एकदाचं माझं काम आलं. टेलिफोन ऑपरेटर, असं छापलं होतं.