परदेशी क्लायंटने व्हीपॅट मागितलाय? मग भरताना या चुका टाळा

सांगली, मिरज, कुपवाड, तिकडं साताऱ्यात पण, छोट्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, कोण दूध संकलनाचं बनवतंय, कोण पतसंस्थेचं, कोण कॉलेज ॲडमिशनचं. त्यातल्या एखाद्याला बाहेरचं गिऱ्हाईक लागलं की मेल येतो, तुमचा व्हीपॅट, म्हणजे अपंग माणसाला प्रॉडक्ट कितपत वापरता येतं हे सांगणारा फॉर्म, पाठवा. मग नेटवरनं कुणाचातरी भरलेला शोधायचा, नाव बदलायचं आणि पाठवून द्यायचा. इथंच पहिला घोळ होतो.

व्हीपॅट हा फक्त कोरा फॉर्म आहे, अमेरिकेतली आयटीआय नावाची इंडस्ट्रीची संघटना तो काढते, फुकट मिळतो. भरला की त्याला एसीआर म्हणजे ॲक्सेसिबिलिटी कॉन्फर्मन्स रिपोर्ट म्हणायचं. हे सर्टिफिकेट नाही, त्यावर कुणी शिक्का मारत नाही. अंध, कमी दिसणारा, माऊस न वापरता येणारा माणूस आमचं प्रॉडक्ट कुठपर्यंत वापरू शकतो आणि कुठं अडतो, हे तुम्ही स्वतः लिहून देताय. म्हणजे खोटं निघालं तर तुमच्याच अंगावर.

भलतीच एडिशन भरू नका. फॉर्म चार प्रकारचा येतो. ५०८ वाला (तिकडच्या कायद्याचं कलम ५०८) अमेरिकन सरकारी खरेदीसाठी, तो डब्ल्यूसीएजी २.० वर, म्हणजे वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय ॲक्सेसिबिलिटी निकषांवर, बसवलाय. ईयू वाला युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकासाठी, त्याचं ३.२.१ व्हर्जन डब्ल्यूसीएजी २.१ धरतं, आणि युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाल्यामुळं तिकडनं विचारणा होणारच. तिसरा नुसता डब्ल्यूसीएजी चा, चौथा इंटरनॅशनल म्हणजे सगळं एकत्र. कुठला पाहिजे ते क्लायंटला एका ओळीत विचारा, लाज कसली. उगाच इंटरनॅशनल घेऊन बसलात तर न मागितलेले तक्ते भरण्यात जीव जाईल. आपल्याकडच्या सरकारी कामाला आयएस १७८०२ हे भारतीय मानक आणि जीआयजीडब्ल्यू ही सरकारी वेबसाइटची नियमावली बघतात, ते या फॉर्ममध्ये नाहीच, त्याचं वेगळं करावं लागतंय.

आता सगळ्यात मोठी चूक, वरपासून खालपर्यंत "सपोर्ट्स" म्हणजे निकष पूर्ण होतो, आणि शेजारचा रिमार्कचा रकाना कोरा. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये ए आणि डबल ए या दोन पातळ्यांचे मिळून ५५ निकष आहेत, त्या सगळ्यांत पहिल्याच फटक्यात पास होणारं प्रॉडक्ट मी तरी बघितलेलं नाही, आणि खरेदी करणाऱ्याकडं बसलेला माणूस पण हे ओळखून असतो. तो काय करतो, माऊस बाजूला ठेवतो आणि टॅब दाबत सुटतो. दोन मिनिटात कुठंतरी अडकला की तुमच्या उरलेल्या ५४ उत्तरांवरचा पण विश्वास गेला. त्यापेक्षा "पार्शली सपोर्ट्स" लिहा आणि रिमार्क नीट भरा. "काही किरकोळ अडचणी आहेत" हा रिमार्क नव्हे. असं लिहा: "२.१.१ कीबोर्ड, पार्शली सपोर्ट्स. फॉर्मचे सगळे रकाने आणि बटणं कीबोर्डने चालतात. अपवाद, फोटो क्रॉप करायची चौकट फक्त माऊसने ओढता येते आणि क्रॉप केल्याशिवाय फोटो अपलोड होत नाही." बघा, वाचणाऱ्याला कळलं काय चालतंय, काय नाही आणि कुठल्या स्क्रीनवर. आणि २.२ चा तक्ता असेल तर हाच दोष २.५.७ म्हणजे ड्रॅगिंगच्या ओळीत पण येतो बरं का, तिथं जर "सपोर्ट्स" ठेवलं असेल तर तुमचाच रिपोर्ट तुम्हाला खोटं पाडतोय. एक दोष सापडला की तो अजून कुठल्या कुठल्या ओळीत बसतो ते शोधायचंच.

"नॉट इव्हॅल्युएटेड" हे उत्तर फक्त सगळ्यात वरच्या ट्रिपल ए पातळीसाठी चालतं. ए आणि डबल ए ला ते लिहिलं म्हणजे तपासलंच नाही असं कबूल केल्यासारखं आहे.

टूलचा स्कोअर म्हणजे रिपोर्ट नाही. लाइटहाऊस या गूगलच्या तपासणीच्या टूलमध्ये १०० पडले की पोरं नाचायला लागतात. पण टूल काय बघतं, फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर, आहे का. त्यात कॅमेऱ्याने दिलेलं फाईलचं नाव पडलंय का काही अर्थाचं लिहिलंय, हे माणसालाच बघावं लागतंय. मराठी पानांचं तर अजून अवघड. टेम्प्लेट बाहेरनं घेतलेलं असतं, पानाची भाषा इंग्लिश म्हणून सेट असते आणि आत सगळं देवनागरी. टूल खूश, कारण भाषा दिलेली आहे ना! पण स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो मजकूर भलत्याच आवाजात वाचेल नाहीतर गाळून टाकेल. हा ३.१.१ म्हणजे पानाच्या भाषेच्या निकषाचा सरळ फेल आहे, दुरुस्ती एका ओळीची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो, त्यावर सगळा फॉर्म सुरुवातीपासनं सबमिटपर्यंत ऐकून बघा. आणि जमलं तर रोज स्क्रीन रीडर वापरणारा माणूस, बँकेतला म्हणा, कॉलेजचा म्हणा, एक दुपार बसवा, पण त्याच्या वेळेचे पैसे द्या, फुकटात राबवू नका.

कलरचं पण तसंच. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यातला फरक, ४.५:१ लागतो. डिझायनर लोकांचा लाडका हॅश ७७७ या कोडवाला करडा पांढऱ्यावर ४.४८:१ येतो. तिथं राउंड ऑफ करायला परवानगी नाही, फेल म्हणजे फेल.

कॅप्शन म्हणजे व्हिडिओतलं बोलणं लिहून दाखवणारा मजकूर, त्याच्या ओळीत "नॉट ॲप्लिकेबल" ठोकायच्या आधी हेल्पचं पान उघडा. तिथं कुणीतरी "फॉर्म कसा भरावा" चा व्हिडिओ चिकटवलेला असतो, तो पण प्रॉडक्टचाच भाग. आणि आपोआप आलेली कॅप्शन माणसानं तपासून दुरुस्त केली नसतील तर धरत नाहीत.

४.१.१ पार्सिंग, म्हणजे पानाचा कोड नीट लिहिलाय का, या निकषाला बरेच जण अडतात. २.२ मध्ये तो निकष काढून टाकलाय. २.० किंवा २.१ चा तक्ता असेल तर वेब पानासाठी "सपोर्ट्स" लिहा, डब्ल्यूसीएजी काढणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेनं तो पूर्ण झालाय असंच धरायला सांगितलंय. ओळ कोरी सोडू नका.

पहिल्या पानावर प्रॉडक्टचं नेमकं व्हर्जन, तारीख आणि कशावर तपासलं ते, म्हणजे कुठला ब्राउझर, कुठला स्क्रीन रीडर. "आमची सर्व प्रॉडक्ट्स" असलं काही नको, वेब आणि मोबाईल ॲपचे रिपोर्ट वेगळे काढलेले बरे.

एवढं करून रिपोर्ट परत आला तर घाबरू नका, पण शब्द फिरवत पण बसू नका. क्लायंटला न चाललेल्या तीन-चार गोष्टी कुठल्या ते विचारा, आधी कीबोर्ड आणि रकान्यांची लेबलं दुरुस्त करा कारण तिथं माणूस पूर्णच अडतो, मग परत तपासून नवीन तारखेनं रिपोर्ट काढा. "पुढच्या रिलीजला करू" हे रिमार्कमध्ये घालू नका, तिथं आज काय आहे तेवढंच. दुरुस्तीचं वेळापत्रक वेगळ्या कागदावर द्या, आणि त्यात अशीच तारीख टाका जी तुमच्या डेव्हलपरनं मान्य केलीय, सेल्सवाल्यानं नव्हे.