आधी विरजण मागा

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मुलं लग्न झालं की पुण्यात फ्लॅट घेतात आणि मला विचारतात, "बाई, सोसायटीत ख्रिस्ती घर आमचं एकट्याचंच. कसं वागायचं?" मी 31 वर्षं नगर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवलं, चार गावांत भाड्याने राहिले आणि आता 12 वर्षं इथे तिसऱ्या मजल्यावर आहे. चुका भरपूर करून झाल्या आहेत, तेव्हा सांगते.

नव्या जागेत गेल्यावर वाटायला जाऊ नका. मागायला जा.

मी उलटं केलं होतं. पहिल्या नाताळात करंज्या, चकल्या आणि मधोमध प्लम केक अशी ताटं घेऊन सगळे मजले पालथे घातले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी माळकरी, आळंदीची वारी न चुकवणाऱ्या. केकमध्ये अंडं होतं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी हसून ताट घेतलं आणि संध्याकाळी धुऊन परत केलं, रिकामं. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी पडते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं चार दिवसांनी, वॉचमन "बाई, केक झकास होता" म्हणाला तेव्हा.

मग मार्चमध्ये एकदा माझं दही नासलं आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. वाटी घेऊन वहिनींच्या दारात उभी राहिले. "चमचाभर विरजण मिळेल का?" त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग विरजण आणलं आणि त्याबरोबर शिकवणीही दिली: दूध करंगळीला सोसेल इतकंच कोमट हवं, विरजण आधी वाटीत फेटून घ्यायचं आणि एकदा लावलं की भांडं हलवायचं नाही. मी 40 वर्षं दही लावते आहे, पण गप्प ऐकून घेतलं. आमचं बोलणं सुरू झालं ते त्या वाटीपासून.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू विहिरीवर बसून शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. प्रभू यहुदी. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता, म्हणून ती बाईच चकित होते. माझी आजी नेवाशाकडची. विहिरीजवळ उभं राहायचं आणि कोणी वरून ओतलं तर घागर भरायची, हे तिने लहानपणी केलेलं. ती हा अध्याय वाचायला लावायची आणि दर वेळी एकाच ठिकाणी थांबवायची: "त्याच्याजवळ पोहरासुद्धा नव्हता गं. तिच्याच भांड्यातलं प्यायचं होतं त्याला." देणाऱ्याचा हात वर राहतो. त्यात आजकाल ख्रिस्ती माणूस काही द्यायला आला की लोकांना आधी शंका येते, याच्या मोबदल्यात काय मागणार? विरजण मागायला आलेल्या बाईबद्दल असली शंका कोणाला यायची?

फराळ द्याच, पण ओळख झाल्यावर. बिनअंड्याचा आणि वेगळ्या भांड्यात केलेला द्या आणि तसं तोंडाने सांगा. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी एकादशी नाही ना, तेवढं बघा.

प्रसादाचं मात्र सगळेच विचारतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, समोर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आपली माणसं त्यातलं सोयीचं अर्धं उचलतात. मी मोदक दोन्ही हातांनी घेते आणि खाते. माझी बहीण घेते आणि कामवालीला देते. तिला नावं ठेवायला मी कोण? माझ्या केकचं काय झालं होतं? अजिबात घ्यायचा नसेल तर "आमच्यात चालत नाही, राग मानू नका" एवढंच म्हणा. दारात मूर्तिपूजेवर प्रवचन नको. गणपतीत मी मुलांच्या हस्ताक्षर स्पर्धेची परीक्षक असते. वर्गणीही देते, आणि पावती मागून घेते, कारण खजिनदार विसरभोळे आहेत.

घरी उपासना ठेवायची असेल तर आधी चपलांचा विचार करा. आमच्या पहिल्या उपासनेला 22 माणसं आली. चपला जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या, समोरच्यांची रांगोळी फिसकटली आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी विचारत आले, "वर नेमकं काय चालतं?" आता मी गॅलरीत जुनी सतरंजी टाकते, चपला तिथे. मजल्यावरच्या तिन्ही घरांना दोन दिवस आधी सांगते, दार सताड उघडं ठेवते आणि पेटी-टाळ नऊला बंद करते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे हे खरं, पण दहावीचं पोर कायदा बघून झोपत नाही. एकदा वहिनी जिन्यातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे तर अभंग आहेत." आहेतच. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांना त्यांनी सोडलं नाही.

आजाऱ्याच्या उशाशी पत्रक ठेवू नका. प्रार्थना करू का, असं विचारा. नको म्हणाले तर रिक्षा आणून द्या.

आता थोडं कडू. "माझा शेजारी कोण?" हा प्रश्न लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री विचारतो, आणि उत्तरातल्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणारा म्हणून प्रभू नेमका ऐकणाऱ्यांना नकोसा असलेला शोमरोनी उभा करतो. आपल्याच मंडळीच्या ग्रुपवर मुसलमानांबद्दल घाण संदेश फिरतात. तिथेच वाद घालू नका, माणूस चारचौघांत मागे हटत नाही. मी पाठवणाऱ्याला फोन लावते: "दादा, लॉकडाउनमध्ये माझ्या बीपीच्या गोळ्या कोण आणून देत होतं, माहीत आहे ना?" त्यांना माहीत आहे. तो मेडिकलवाला पोरगा त्यांच्याही गोळ्या आणायचा. दादांनी संदेश काढला. पुढच्या महिन्यात दुसरा टाकला. पुन्हा फोन केला. आणि सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" असं हळूच विचारणं आपल्यात अजून चालतं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते धुतलं गेलं नाही. मुलाचं बघत होते तेव्हा मीही विचारलं होतं.

गेल्या पावसाळ्यात वहिनींचे मिस्टर गेले. अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची असते. मी नेली. 20 भाकऱ्या, पिठलं जरा घट्ट, कांदा न घालता. त्यांच्या गावाकडच्या जावेने डबा हातात घेतला आणि कोणाकडचा म्हणून विचारलं. आतून वहिनींचा आवाज आला, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा. पानं घे." कोणी खाल्लं, कोणी नाही. डबा रात्री परत आला, घासून-पुसून, रिकामा. सुतकाच्या घरातून काही देत नाहीत, हे एव्हाना मला ठाऊक होतं.