जुन्या लष्करी रायफलचा ट्रिगर बदलताय? या चुका टाळा

मी ओहायोत राहतो आणि बरीच वर्षं जुन्या बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या) रायफली नेमबाजीसाठी वापरतो. दर उन्हाळ्यात रेंजवर कुणीतरी नवा माणूस येतो, दोन मॅगझिन झाडतो आणि म्हणतो, "ट्रिगर फारच ढिला आहे, बदलायला हवा." दहातल्या आठ वेळा तो ट्रिगर ठणठणीत असतो.

जर्मन माउझर ९८ घ्या. तिच्या ट्रिगरच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या, पोटाला टेकलेला असताना ट्रिगर हलका आणि लांब सरकतो. दुसरा टेकला की बोटाला भिंत लागते आणि त्यानंतर गोळी सुटते. लोकांना जो ढिलेपणा वाटतो तो हा पहिला टप्पा. रायफल नुसती पडून असताना सिअरची (ताणलेला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारा दांडा, अडवून धरणाऱ्या खिट्टीची) पकड खोल असते, चाप ओढायला लागलात की ती कमी होत जाते. घोड्यावरून, खंदकातून, चिखलातून फिरणाऱ्या सैनिकाच्या हातात रायफल आपोआप सुटू नये, म्हणून मुद्दाम केलेली ही रचना आहे. आधी तिच्यावर दोनशे वेळा कोरडा सराव (काडतूस न भरता चाप ओढण्याचा) करा, मग बोला. आणि त्याच्याही आधी सगळं कॉस्मोलिन धुऊन काढा. साठ-सत्तर वर्षं साठवणीत गोठलेलं ते ग्रीस सिअरच्या खाचेत बसलं की कुठलाही ट्रिगर चिकट लागतो.

"माउझर" एवढंच वाचून ट्रिगर मागवू नका. ९८ चा ट्रिगर स्वीडिश माउझर ९६ ला बसत नाही. रिसीव्हरवरचे छाप वाचा.

रशियन मोसिन-नागां रायफलीत ट्रिगरचं आणखी एक काम असतं, बोल्ट मागे निसटू न देण्याचं. म्हणून तर बोल्ट बाहेर काढताना चाप दाबून धरावा लागतो. नवा ट्रिगर ते काम करतो की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कानस लावू नका. सिअरचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो घासून गेला की आज गोड वाटणारा ट्रिगर काही महिन्यांत धोकादायक होतो.

आता ज्या चुकीमुळे हे लिहायला बसलो ती. आमच्या रेंजवर पुण्याचा एक पोरगा यायचा, हुशार पण घाईचा. त्याने कार ९८के ला (माउझर ९८ चीच आखूड आवृत्ती) बाजारातला एकाच टप्प्याचा ट्रिगर बसवला. तसल्या ट्रिगरला वजनाचा, म्हणजे चाप ओढायला लागणाऱ्या जोराचा, एक स्क्रू असतो आणि सिअरच्या पकडीचा एक. त्याने दोन्ही फिरवत फिरवत ट्रिगर दोन पाउंडांवर आणला. घरी टेबलावर छान चालला. रेंजवर पहिलं काडतूस भरून त्याने बोल्ट जोरात पुढे लोटला, हँडल खाली दाबलं आणि रायफल उडाली. बोट ट्रिगरच्या जवळपासही नव्हतं. नळी समोर होती म्हणून गोळी वीस फुटांवर मातीत गेली. पोरगा पांढराफटक पडला. "काका, मी काहीच केलं नाही हो, बोल्ट नुसता बंद केला." खरंच होतं ते. पकड इतकी उथळ झाली होती की बोल्टच्या धक्क्यानेच सिअर निसटला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रायफल रिकामी, खोलीत एकही काडतूस नाही. लाकडात बसवून, स्क्रू पूर्ण आवळून तपासायचं, कारण कधीकधी नवा ट्रिगर लाकडाला किंवा गार्डच्या (चापाभोवतीच्या कड्याच्या) फटीला घासतो. बोल्ट वीस वेळा सर्व ताकदीनिशी बंद करायचा. रबरी हातोडीने दस्त्यावर सगळ्या बाजूंनी ठोकायचं. मग सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा आणि सेफ्टी काढायची. माउझरची सेफ्टी कॉकिंग पीसला (स्ट्रायकरच्या मागच्या टोकाला) सिअरवरून मागे उचलून धरते. नव्या सिअरशी तिचा मेळ बसला नाही, तर सेफ्टी काढताक्षणी रायफल सुटते. यातल्या एकाही वेळी स्ट्रायकर पडला, तर रायफल थेट गनस्मिथकडे. साडेतीन पाउंडांच्या खाली मी कधीच जात नाही.

ली-एनफील्डबद्दल थोडं. लहानपणी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच, म्हणून आपल्या लोकांचा तिच्यावर जीव. तिच्या जुन्या मॉडेलांत ट्रिगर गार्डला टांगलेला असतो आणि सिअर रिसीव्हरला, मध्ये लाकूड. ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीच्या रेंजवर दमट हवेत लाकूड फुगलं की दोन्ही टप्प्यांचा अंदाज बदलतो. नंबर ४ मार्क २ मध्ये ट्रिगर थेट रिसीव्हरलाच टांगून ब्रिटिशांनी हा प्रश्न सोडवला. तुमची रायफल त्याआधीची असेल तर आधी लाकडाचं फिटिंग तपासा. नवा ट्रिगर फुगलेलं लाकूड दुरुस्त करत नाही.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम खरेदीआधी वाचा. मूळ स्वरूपातल्या रायफलींच्या सामन्यांत बाजारातला ट्रिगर चालत नाही. मॅचिंग नंबरांच्या (सगळ्या भागांवर एकच नंबर असलेल्या) रायफलचं लाकूड तर अजिबात कोरू नका. मी काढलेला प्रत्येक जुना ट्रिगर, सिअर, स्प्रिंग आणि पिन तेल लावून डबीत ठेवतो, डबीवर रायफलचा नंबर लिहितो. गेल्या वर्षी त्या पोराने मूळ ट्रिगर परत बसवला, तो माझ्याच कपाटातल्या डबीतून.