नागोयातला सोमवार : परदेशी गेलेल्या तरुण मॉर्मन मिशनऱ्यांनी या चुका टाळाव्यात

परदेशी पाठवलेल्या तरुण मॉर्मन मिशनऱ्याचा आठवडा दारोदारच्या नकारांमुळे बिघडतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. माझ्या पाहण्यात मात्र तो बहुधा सोमवारी, म्हणजे त्याच्या हक्काच्या मोकळ्या दिवशीच बिघडतो. जपानमधील नागोया शहरात मी दुभाष्याचे काम करत असताना आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर या चर्चच्या दोन मुलांचे बिऱ्हाड असे. काही आठवड्यांनी त्यांतला एक जण बदलत असे, सायकली मात्र त्याच राहत. मी त्यांच्या पंथाचा नाही, आणि मला पंथात ओढण्याचा त्यांनी फारसा खटाटोपही केला नाही. जपानी वाक्य अडले की ती मुले जिना चढून वर येत आणि सोबत आठवड्याचे रडगाणेही आणत. भारतातूनही काही तरुण या सेवेवर जातात. पुढे कोणी मराठी मुलगा किंवा मुलगी त्या वाटेने जपानला निघाली तर उपयोगी पडावे, म्हणून त्या रडगाण्यांतून निवडलेल्या चुका येथे मांडत आहे.

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे या पंथाचे पूर्ण नाव असून २०१८ पासून ते पूर्ण नावच वापरावे, असा पंथाचा आग्रह आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. सेवेसाठी किमान वय २०१२ मध्ये मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ करण्यात आले; २०२५ मध्ये मुलींसाठीही ते १८ झाले. मुले २४ महिने आणि मुली १८ महिने सेवा करतात. कोणत्या देशात जायचे हे मुख्यालय ठरवते, आणि जेमतेम दोन महिन्यांच्या भाषाशिक्षणानंतर मूल थेट परक्या गल्लीत उभे राहते. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास, दिवसभर भेटीगाठी आणि रात्री साडेदहाला दिवा मालवणे, असा दिनक्रम असतो. ट्रान्स्फरची, म्हणजे बदलीची, शक्यता साधारणपणे दर सहा आठवड्यांनी येते. या सगळ्यात श्वास घ्यायला जागा एकच असते, ती म्हणजे ‘पी-डे’ किंवा तयारीचा दिवस. बहुतेक मिशनांमध्ये तो सोमवारी असतो आणि संध्याकाळी सहा वाजता संपतो.

सोमवारकडे सुट्टी म्हणून पाहणे

कपडे धुणे, आठवड्याचे वाणसामान आणणे, केस कापणे, घरी पत्र लिहिणे, सरकारी कचेरीत जाणे, ही सगळी कामे त्या आठ-नऊ तासांत उरकायची असतात. दोघा मिशनऱ्यांची नवखी जोडी सकाळभर झोपते, दुपारी बास्केटबॉल खेळते आणि चार वाजता तिच्या लक्षात येते की घरात तांदूळ नाहीत आणि एकही पांढरा शर्ट धुतलेला नाही. मग मंगळवारच्या भेटीला ओलसर कॉलरने जावे लागते, आणि उरलेले पाच दिवस रोज अर्धा-पाऊण तास उसना घेऊन ही कामे करावी लागतात. आठवड्याचे नियोजन कोलमडते ते येथे.

जपानमध्ये त्यात आणखी एक मेख आहे. वस्तुसंग्रहालये बहुतेक सोमवारी बंद असतात, आणि देशाच्या बऱ्याच भागांत न्हाव्याची दुकानेही सोमवारी बंद असतात. (आपल्याकडे सोमवारी सलूनचे दार वाजवून परत आलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.) स्टेशनाजवळची झटपट कटिंगची दुकाने मात्र उघडी सापडतात, ती आधीच हेरून ठेवावीत. शिवाय जानेवारीचा दुसरा, जुलैचा तिसरा, सप्टेंबरचा तिसरा आणि ऑक्टोबरचा दुसरा सोमवार या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, आणि त्या दिवशी प्रभागाची कचेरी, म्हणजे ‘कुयाकुशो’, उघडत नाही.

कचेरी बंद असणे ही किरकोळ गोष्ट वाटते, परंतु मिशनऱ्याच्या बाबतीत ती तशी नाही. परदेशी रहिवाशाने नव्या घरी राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत तेथील कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्या मुलाच्या वाट्याला या दोन आठवड्यांत दोनच सोमवार येतात, आणि त्यांतला एक सुट्टीचा निघाला तर एकच उरतो. गाव बदलत असेल तर आधी जुन्या गावच्या कचेरीतून स्थलांतराचा दाखला घ्यावा लागतो. बदलीचा निरोप आणि बोजा बांधण्याची घाई एकदम येत असल्यामुळे नेमका हाच दाखला राहून जातो, आणि मुलगा नव्या गावच्या खिडकीवर निवासाचे कार्ड हातात धरून उभा राहतो. तसे झाले तर घाबरून पुन्हा जुन्या गावी धावण्याचे कारण नाही. दाखला टपालाने मागवता येतो. मुदत उलटली असली तरी ‘आता राहू दे’ असे म्हणू नये. उशिराने जाऊन दिलगिरी व्यक्त केली तर काम सहसा होऊन जाते, परंतु ९० दिवस पत्ता कळवलाच नाही तर निवासाचा परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. निवासाचे कार्ड नेहमी अंगावर बाळगावे लागते, हेही धावायला जाताना विसरू नये.

कचऱ्याची पिशवी

१९९९ च्या फेब्रुवारीत नागोया महापालिकेने ‘कचरा आणीबाणी’ जाहीर केली होती. फुजिमाए येथील पाणपक्ष्यांच्या दलदलीत भराव टाकण्याचा बेत सोडून द्यावा लागला, आणि त्यानंतर शहराने कचरा वेगळा करण्याची शिस्त घरोघरी रुजवली. त्या पिढीतल्या आजीबाई आजही सकाळी कोपऱ्यावरच्या जाळीखालच्या पिशव्यांवर नजर ठेवून असतात. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा सकाळी आठच्या आत, प्लास्टिकची वेष्टने वेगळ्या वारी आणि सगळे ठरलेल्या पिशवीत, असा तेथील रिवाज आहे.

आमच्या तळमजल्यावरच्या मुलांची पिशवी एकदा तशीच मागे राहिली. तिच्यावर महापालिकेचा कागद चिकटवलेला होता आणि आतून नूडल्सचे डबे, केळ्याची साल आणि चर्चचे पत्रक स्पष्ट दिसत होते. पत्रकामुळे पिशवी कोणाची हे गल्लीत सर्वांना कळले. त्याच गल्लीत त्यांना त्या आठवड्यात दारे वाजवायची होती! अशा वेळी पिशवी तेथेच ठेवून पुढच्या वाराची वाट पाहणे ही दुसरी चूक ठरते. पिशवी त्याच दिवशी घरी न्यावी, पुन्हा निवडावी, आणि ज्यांनी ती पाहिली असेल त्या शेजारणीला स्वतःहून ‘चुकलो’ असे सांगावे. कोणत्या वारी काय टाकायचे ते जाणारा जोडीदार पाठ करून गेलेला असतो आणि येणाऱ्याला काहीच ठाऊक नसते, म्हणून तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असावा.

नकाराला होकार समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, आणि ती व्याकरण न आल्यामुळे होत नाही. ‘केक्को देसु’ या शब्दांचा कोशातला अर्थ ‘छान आहे’, ‘ठीक आहे’ असा सापडतो; दारावर मात्र त्यांचा अर्थ ‘नको, राहू द्या’ असाच असतो. एका नव्या मुलाने इंटरकॉमवर हे शब्द ऐकले आणि आता दार उघडेल या आशेने तो थंडीत दहा मिनिटे हसतमुख उभा राहिला, ही हकीकत त्यानेच मला सांगितली. ‘कांगाएते ओकिमासु’, म्हणजे ‘विचार करून ठेवते’, आणि ‘माता कोंदो’, म्हणजे ‘पुन्हा केव्हातरी’, हीदेखील त्याच घराण्यातली वाक्ये आहेत. आपल्याकडचे ‘बघू’, ‘कळवतो’ आणि ‘या एकदा निवांत’ ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्या मराठी मुलाला खरे तर हे अमेरिकी जोडीदारापेक्षा लवकर उमगायला हवे. पण परकी भाषा बोलताना आपण शब्दांना इतके घट्ट धरून ठेवतो की सूर ऐकायचा राहून जातो.

या चुकीचा परिणाम आठवडाभर पसरतो. ‘विचार करून ठेवते’ म्हणणाऱ्या बाईंचे नाव फोनमधल्या नोंदवहीत ‘उत्सुक’ म्हणून चढते, आठवड्याच्या नियोजनात त्यांच्यासाठी गुरुवारची संध्याकाळ राखली जाते, जोडी दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परतते आणि तिसऱ्यांदा त्या बाईंना आतून दिवा मालवावा लागतो. त्यांना किती अवघडल्यासारखे होत असेल, याचा विचार मुले क्वचितच करतात. मी त्यांना एकच कसोटी सांगत असे. समोरच्या माणसाने स्वतःहून वार आणि वेळ सांगितली तर तो होकार समजावा. बाकी सर्व काही, कितीही गोड असले तरी, नकार म्हणून लिहावे. या हिशेबाने नोंदवही निम्मी होते आणि मुले हिरमुसतात, पण जी नावे उरतात ती खरी असतात.

दारावर ‘कान्यू ओकोतोवारी’, म्हणजे गळ घालणाऱ्यांना मनाई, अशी पाटी असेल तर घंटा वाजवूच नये. जपानी माणसाच्या मनात धर्मप्रचाराविषयी जी धास्ती आहे तिला इतिहास आहे. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, आणि जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाल्यानंतर, मारेकऱ्याची आई ज्या पंथात होती त्या युनिफिकेशन चर्चच्या देणग्यांवरून देशभर संताप उसळला. त्या पंथांशी या मुलांचा काडीचाही संबंध नसला, तरी इंटरकॉमच्या छोट्या पडद्यावर दिसणारी काळी नावपट्टी पाहून हा भेद करायला कोणी बसत नाही. आपण कोण आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. मोफत इंग्रजी वर्गाचे आमंत्रण देताना तो चर्चचा वर्ग आहे, हेही त्याच वेळी सांगावे. ते नंतर कळले तर माणूस कायमचा दुरावतो.

उच्चारांच्या चुका मात्र मनाला लावून घेऊ नयेत. ‘निंगेन’ म्हणजे माणूस आणि ‘निंजिन’ म्हणजे गाजर. देवाचे सर्व गाजरांवर प्रेम आहे, असे सांगणारा मिशनरी लोकांच्या लक्षात राहतो आणि तेही प्रेमाने. पंथाची पहिली तुकडी १२ ऑगस्ट १९०१ रोजी योकोहामाला उतरली, तेव्हा तिच्यातला आल्मा टेलर विशीतही आला नव्हता. मॉर्मन ग्रंथाचे त्याने केलेले जपानी भाषांतर १९०९ मध्ये छापून निघाले. सहा आठवड्यांत भाषा येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी ही दोन सालेच सांगत असे.

चहाचा पेला तसाच ठेवणे

पंथात चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत, आणि हिरवा चहाही त्यात येतो. गोंधळ होतो तो जपानी नावांमुळे. होजिचा तपकिरी दिसतो आणि गेन्माइचात भाजलेले तांदूळ असतात, म्हणून मुले ते बिनधास्त पितात. प्रत्यक्षात दोन्ही चहाच्याच पानांचे असतात. मुगिचा भाजलेल्या जवाचा आणि सोबाचा कुट्टूचा असल्यामुळे ते चालतात. यजमानीणबाईंनी समोर ठेवलेला पेला तासभर न शिवता तसाच ठेवणे हा अपमान वाटतो, तेव्हा पाणी उकळायला ठेवण्याआधीच सांगावे आणि ‘मुगिचा असेल तर आनंदाने घेऊ’ असा पर्याय द्यावा.

नागोयात हा प्रश्न सकाळीच उभा राहतो. तेथील जुन्या धाटणीच्या कॉफीगृहांत सकाळी कॉफी मागवली की तिच्याच किमतीत टोस्ट आणि उकडलेले अंडे मिळते, आणि या ‘मॉर्निंग’चा शहराला मोठा अभिमान आहे. एखादे आजोबा मुलांना तेथे बोलावतात आणि मुले नियमाच्या धाकाने नाही म्हणतात. वास्तविक बहुतेक ठिकाणी दूध किंवा रस मागवला तरी टोस्ट येतोच. आमंत्रण कॉफीचे नसून गप्पांचे असते.

जोडीदार आणि सायकल

जोडीने सतत एकत्र राहावे हा नियम असल्यामुळे भांडण झाले तरी दार आपटून बाहेर जाता येत नाही. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची पद्धत आहे, परंतु सहा दिवसांच्या तक्रारी साठवून त्या बैठकीत ओतल्या की पुढचे सहा दिवस अबोला ठरलेला. जोडीदार जपानी असेल तर त्याला फुकटचा दुभाष्या समजणे ही तर हमखास होणारी चूक आहे. संध्याकाळपर्यंत तो बोलून थकतो आणि परदेशी मुलाची भाषा आहे तेथेच राहते. घंटा आळीपाळीने वाजवावी, आणि ज्याने वाजवली त्यानेच पहिले बोलावे.

सायकलीचे थोडक्यात सांगतो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवणे, छत्री धरून चालवणे आणि चालवताना नकाशा पाहणे, या तिन्ही गोष्टी कायद्याने गुन्हा आहेत; फोनबाबतची शिक्षा १ नोव्हेंबर २०२४ पासून आणखी कडक झाली आहे. स्टेशनाबाहेर कोठेही लावलेली सायकल उचलून नेतात, आणि ती पैसे भरून सोडवण्यात एक सोमवार जातो.

घरचा फोन

फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला असे. आता दर आठवड्याला तयारीच्या दिवशी बोलता येते. सोय मोठी आहे, पण सकाळी उठल्या उठल्या केलेला फोन दुपारपर्यंत लांबतो आणि कामे राहतात, तर संध्याकाळी साडेपाचला घाईने केलेल्या फोनमध्ये फक्त थकवा ऐकू जातो. जपानमध्ये घड्याळ ऋतूप्रमाणे बदलत नाही, अमेरिकेत बदलते. नागोयात सोमवारी सकाळचे नऊ वाजलेले असताना पंथाचे मुख्यालय असलेल्या अमेरिकेतील युटाह राज्यात रविवारी संध्याकाळचे उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हमखास एखादा मुलगा जिन्यात बसून, आई फोन का उचलत नाही म्हणून काळजी करताना दिसे. भारतात घर असलेल्याला हा घोळ नाही: फरक वर्षभर साडेतीन तासांचाच असतो. कपडे वाळत घालून बाराच्या सुमारास फोन लावावा. तेव्हा घरी सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि आईचा पहिला चहा झालेला असतो.