दुसरे बाळ घरी येताना थोरल्या मुलाला कसे सांभाळावे

धाकटीचा जन्म झाला तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या घरात त्या दिवसांत माणसांची वाण नव्हती. सासूबाई होत्या, जाऊबाई शेजारच्या खोलीत राहत होत्या, गडहिंग्लजहून माझी आई येऊन राहिली होती. असे असूनही बारसे झाल्यानंतरच्या आठवड्यात मुलगा स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन अर्धा अर्धा तास गप्प उभा राहू लागला. त्याचे कारण माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. घरातील प्रत्येक माणूस त्याला प्रेमानेच माझ्यापासून दूर नेत होता. "आईला त्रास देऊ नको, चल, अंबाबाईच्या देवळात जाऊन येऊ," असे म्हणून कुणीतरी त्याचा हात धरत असे आणि मी बाळाला मांडीवर घेऊन खोलीत एकटी बसत असे. बाळ आईजवळ आणि थोरला इतरांजवळ, ही वाटणी आपल्या घरांत कुणी न ठरवताच होऊन जाते.

ही वाटणी शक्य तितकी उलटी करावी, एवढेच मला सांगायचे आहे. नवजात बाळाला दूध पाजण्यासाठी आई लागते. पोट भरल्यानंतर ते आजीच्या मांडीवर, काकूच्या खांद्यावर किंवा वडिलांच्या छातीवर तितकेच शांत झोपते. तीन वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याला दुसऱ्याने भरवलेले चालते, दुसऱ्याने अंघोळ घातलेली चालते, पण आपली आई अजून आपली आहे की नाही, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आईशिवाय कुणालाच देता येत नाही. म्हणून पाजून झाले की बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि थोरल्याला आपल्याजवळ बोलवावे.

तयारी बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावी. थोरल्याच्या आयुष्यात जे बदल करायचेच आहेत ते एक तर या काळात उरकावेत, नाही तर बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत थांबवावेत. वेगळ्या अंथरुणावर झोपवणे, शी-शूची सवय लावणे, बालवाडीत घालणे हे सगळे बदल चांगलेच आहेत, पण बाळ घरी आले त्याच आठवड्यात ते केले तर मुलाच्या मनात त्यांचा संबंध बाळाशी जुळतो. आमच्याकडे बालवाड्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. प्रसूतीची तारीख जून-जुलैची असेल तर बालवाडी सुरू करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांच्या मुलाचे दोन महिन्यांत काहीही बुडत नाही.

रात्री झोपवण्याचे काम वडिलांनी या काळातच हाती घ्यावे. माझे यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला आहेत, त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात हे काम सासूबाईंकडे जाई. पण दोघेही तीच गोष्ट, तीच गोधडी आणि तोच क्रम पाळत, म्हणून मुलाला माणूस बदलल्याचे फारसे जाणवले नाही. साधी प्रसूती असेल तर रुग्णालयात एक-दोन दिवस आणि सिझेरियन असेल तर तीन ते पाच दिवस राहावे लागते; त्या रात्री या सवयीवरच निभावतात. बाळंतपणासाठी माहेरी जायचे असेल तर थोरल्याला बरोबर न्यावे. आईपासून दोन महिने तुटलेले मूल परत भेटते तेव्हा आईच्या कुशीत दुसरे कुणीतरी असते, आणि ते त्याला फार जड जाते.

पहिल्या भेटीविषयी एकच गोष्ट सांगते. थोरला खोलीत येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आजीकडे असावे आणि आईचे दोन्ही हात मोकळे असावेत. आधी त्याला जवळ घ्यावे, त्याने काय खाल्ले ते विचारावे, आणि तो स्वतःहून बाळाकडे पाहील तेव्हा बाळ दाखवावे. सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे डॉक्टर सांगतात. तीन वर्षांच्या मुलाचे वजन तेरा-चौदा किलो असते, त्यामुळे त्याला कडेवर घेता येत नाही. "मला उचलता येत नाही" एवढेच ऐकले की मूल दुखावते. त्याऐवजी आईने पलंगावर किंवा भिंतीला टेकून खाली बसावे आणि त्याला शेजारी चढून बसू द्यावे. "पोटावर बाऊ आहे, म्हणून तू असा कडेला बस" असे सांगितल्यावर माझा मुलगा रोज न चुकता त्याच बाजूला येऊन बसत असे.

खरी परीक्षा पाजण्याच्या वेळी असते. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, आणि एका वेळेला वीस मिनिटे ते अर्धा तास धरला तर दिवसाचे किती तास आई एका जागी अडकलेली असते, याचा हिशेब प्रत्येकीने करून पाहावा. थोरल्याचा बहुतेक हट्ट नेमका याच तासांत होतो, कारण आई जागची हलू शकत नाही हे त्याला चौथ्याच दिवशी कळलेले असते. हातात मोबाइल देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि म्हणूनच तो टाळायला हवा. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून अधिक दाखवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाजण्याच्या प्रत्येक वेळी मोबाइल दिला तर तो तास सकाळी दहाच्या आतच संपतो.

मी एक पत्र्याची जुनी पेटी काढून ठेवली होती. ती फक्त पाजण्याच्या वेळीच उघडायची, एरवी कपाटावर ठेवायची. तिच्यात जाड पानांची दोन चित्रांची पुस्तके, मेणखडू, पाठकोरे कागद, लाकडी बैलगाडी आणि माझी एक जुनी पर्स होती. त्या पर्समधील चेन उघडण्या-मिटण्यात त्याचा सर्वाधिक वेळ जाई. दर आठ-दहा दिवसांनी एखादी वस्तू बदलत असे. पाजायला बसण्यापूर्वी त्याला पाणी प्यायला द्यावे, शूला नेऊन आणावे आणि वाटीत काहीतरी खायला द्यावे, म्हणजे मधेच उठण्याची निम्मी कारणे आधीच मिटतात. मात्र त्या वाटीत अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे नसावेत. चार-पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात, आणि आपल्याकडे तर ते घराघरांत डबा भरून असतात. पुस्तक वाचून दाखवायचे असेल तर बाळाला एका हाताने धरून दुसरा हात मोकळा राहील अशी उशी मांडीवर घ्यावी. चिऊ-काऊची गोष्ट मी त्या महिन्यांत किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही, पण त्या गोष्टीमुळे पाजण्याची वेळ ही आमच्या तिघांची वेळ झाली.

याखेरीज दिवसातून एकदा पंधरा मिनिटे फक्त थोरल्याची असावीत. ती रोज ठरलेल्या वेळी असावीत आणि त्यांना नाव असावे. आम्ही दुपारच्या चहानंतरची वेळ ठरवली होती आणि तिला "गच्चीची वेळ" म्हणत होतो. बाळ रडले तरी ते आजीकडे राहावे. अगदीच भूक लागली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेवढ्यात तुटलेली वेळ त्याच दिवशी भरून द्यावी. मूल वाट पाहू शकते, पण ज्याची वाट पाहायची ते येणारच, अशी त्याची खात्री पटलेली असावी लागते.

घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे नाजूक असते, पण ते टाळू नये. "आता तुझं काय खरं न्हाई बघ", "आई आता बाळाची झाली" अशी थट्टा आपल्याकडे सहज केली जाते आणि करणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नसते. मूल मात्र ती शब्दशः खरी मानते. मी सासूबाईंना एवढेच म्हटले होते, "आत्या, तुम्ही सांगितलं तर सगळे ऐकतील, त्याला असं कुणी चिडवायला नको." पुढे सासूबाईच पाहुण्यांना दारात थांबवून तसे सांगत असत. बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांनी आधी थोरल्याची विचारपूस करावी आणि त्यानेच त्यांना बाळ दाखवावे, ही पद्धतही त्यांनीच घातली. "आता तू मोठा झालास" हे वाक्यही जपून वापरावे. बाळ झाले म्हणून तीन वर्षांचे मूल मोठे होत नाही. त्याला दिलेले काम पार पडले, तर त्या कामापुरते मोठेपण त्याला जरूर द्यावे.

काम खरे असावे. दुपटे आणून देणे, बाळाच्या लसीकरणाचे कार्ड सांभाळणे ही कामे तीन वर्षांच्या मुलाला जमतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना आम्ही त्याला बरोबर नेले, आणि तिन्ही वेळा कार्ड परिचारिकेच्या हातात त्यानेच दिले.

बाळंतिणीच्या खोलीविषयी येथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण थोरले लहान मूल त्याच खोलीत वावरत असते. शेकाच्या शेगडीतील निखारे आणि अंघोळीचे कढत पाणी यांच्या भोवती तीन वर्षांचे मूल एक क्षणही एकटे असता कामा नये. ओवा-शेपाची धुरी बंद खोलीत देऊ नये, हे मी माझ्या आईला बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून ऐकवले. धुराने बाळाच्या आणि थोरल्याच्याही श्वासाला त्रास होतो. झोळी जमिनीपासून फार उंच बांधू नये आणि दोरी थोरल्याच्या हाती मोठे माणूस समोर असतानाच द्यावी. दोघांना एका खोलीत एकटे सोडू नये. एकदा मी कपडे वाळत घालून परत आले, तर मुलगा बाळाच्या ओठांवर गुळाचा खडा धरून बसला होता. त्याने आपल्याला आवडणारी वस्तू बहिणीला द्यायला आणली होती, म्हणून मी ओरडले नाही. खडा काढून घेतला आणि बाळ अजून फक्त दूधच पिते हे त्याला पुन्हा सांगितले. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, या दोन गोष्टी घरातील लहानथोर सर्वांना सांगून ठेवाव्यात. बालवाडीतून आल्यावर आधी साबणाने हात धुवावेत आणि पापा बाळाच्या पायाचा घ्यावा, तोंडाचा घेऊ नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

थोरला पुन्हा अंथरुणात शू करू लागला, बोबडे बोलू लागला, मलाही दूध पाज म्हणू लागला, तर घाबरू नये. बाळासारखे वागले तर बाळाइतके जवळ घेतले जाईल, असा त्याचा सरळ हिशेब असतो. माझ्या मुलाने जवळजवळ सहा आठवडे असे केले. चादर न बोलता बदलावी, लाज वाटेल असे कुणासमोर काही सांगू नये, आणि दिवसातून एकदा त्याला खरोखरच बाळासारखे दुपट्यात गुंडाळून मांडीवर घ्यावे. मी तसे करू लागले तेव्हा पहिल्या दिवशी तो दहा मिनिटे हलला नाही, चौथ्या दिवशी दोन मिनिटांत उठून खेळायला गेला. त्याने बाळाला चिमटा काढला किंवा मारले तर हात धरून थांबवावे आणि "मारू देणार नाही, राग आला तर माझ्याकडे ये" असे कमी शब्दांत सांगावे. त्याच्यावर हात उगारून "मारू नये" हे शिकवता येत नाही. हे वागणे काही महिन्यांनंतरही वाढतच असेल, किंवा मूल खाणे-झोपणे-खेळणे सोडून देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आईनेही स्वतःकडे पाहावे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कारण नसताना रडू येणे नेहमीचे आहे, पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी किंवा थोरल्याविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वडिलांच्या वाट्याचा वेळ वेगळा असावा. रविवारी सकाळी माझे यजमान मुलाला रंकाळा तलावावर घेऊन जात, परंतु तीन-चार आठवड्यांनी आम्ही क्रम बदलला: एका रविवारी ते बाळाजवळ घरी थांबत आणि रंकाळ्यावर मी जाई. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाजण्याच्या दोन वेळांमधील जेमतेम तासभर हाती होता. आम्ही तळ्यातील संध्यामठाकडे पाहत काठावर बसलो आणि तो बाळाविषयी एक शब्दही बोलला नाही. मीही काढला नाही.

बाळ सात-आठ महिन्यांचे होऊन सरकू लागले की भांडणांची दुसरी फेरी सुरू होते, कारण आता ते थोरल्याच्या खेळण्यांपर्यंत पोहोचते. "लहान आहे ती, देऊन टाक" असे प्रत्येक वेळी म्हणू नये. मुलाच्या उंचीचे, पण बाळाचा हात पोहोचणार नाही असे एक फळकूट भिंतीला ठोकून घ्यावे आणि तेथील वस्तू त्याला विचारल्याशिवाय बाळाला देऊ नयेत. आमच्या फळकुटावर पहिल्या दिवशी बैलगाडी आणि पर्स गेली. महिनाभराने बैलगाडी त्याने स्वतःच खाली काढली आणि बहिणीसमोर ठेवली. पर्स अजूनही वरच आहे.